जनावरांचा डॉक्टर आणि हवेचे चाक

डनलॉप हे नाव माहीत नाही असा सायकलस्वार आपल्याकडे मिळणे कठीण. टायरच्या काळ्या कडेवर उठून दिसणारी अक्षरे आणि सायकलच्या दुकानाबाहेर टांगलेल्या पत्र्याच्या पाट्या यांमुळे हे नाव खेडोपाडी पोहोचले. परंतु हे एका माणसाचे नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो माणूस कारखानदार नव्हता, अभियंताही नव्हता, तर घोड्यागुरांवर उपचार करणारा डॉक्टर होता, हे तर त्याहूनही थोड्यांना.

मी स्वतः त्याच व्यवसायातला. मूळचा बालाघाटचा; वडिलांच्या नोकरीमुळे दोन वर्षे आपल्या या महाविद्यालयात शिकलो, पुढे पशुवैद्यकाकडे वळलो आणि परत गावी गेलो. वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताच्या बांधांवरून आणि बैहरच्या बाजूच्या जंगलातून गाव गाव फिरताना माझ्या आयुष्याचा मोठा भाग मोटारसायकलच्या सीटवर गेला आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांच्या आपल्या अंकात काहीतरी लिहावे असे संपादकांनी कळविले, तेव्हा ज्याच्या उपकारांवर मी रोज बसतो त्याच्याविषयी लिहावे असे ठरविले.

जॉन बॉईड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते लहान वयातच डॉक्टर झाले. सुमारे दहा वर्षे मायदेशीच व्यवसाय केल्यावर १८६७ साली समुद्र ओलांडून ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक येथे गेले. (आमचा बालाघाट जिल्हा भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बनविण्याचे काम सुरू झाले तेही याच साली. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.) तेथे त्यांनी जेम्स या भावाबरोबर दवाखाना काढला. १८७१ साली मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगी, एक मुलगा असा संसार होता. पुढे ते बेलफास्ट शहरातील मे स्ट्रीटवर आले आणि १८८५ च्या सुमारास त्यांचा दवाखाना सबंध आयर्लंडमधील मोठ्या दवाखान्यांत गणला जाऊ लागला.

म्हणजे चाकाचा शोध लागण्यापूर्वीच हा माणूस पन्नाशीकडे झुकलेला, नावारूपाला आलेला आणि पोटापाण्याची विवंचना नसलेला असा होता. शोधकांची चरित्रे वाचताना आपण उपासमार, गहाण टाकलेले दागिने आणि रात्रभर जळणारा दिवा शोधत असतो. येथे तसले काही नाही. येथे आहे तो एका डॉक्टरचा सराव.

हा सराव कशाचा, ते थोडे सांगतो, कारण चरित्रकार या ठिकाणी घाईने पुढे जातात. त्या काळचे बेलफास्ट म्हणजे गिरण्यांचे आणि जहाजबांधणीचे शहर. सगळी ओढाओढ घोड्यांवर. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर लोखंडी धावेच्या गाड्या ओढून घोड्यांचे खूर, सांधे आणि खांदे झिजायचे, आणि ते जनावर डॉक्टरकडे यायचे. जनावर बोलत नाही. कोठे दुखते ते चालण्यावरून, उभे राहण्यावरून, साज काढल्यावर उमटलेल्या वळावरून ओळखावे लागते. आमच्याकडे बैलांच्या बाबतीत हेच आहे. जू नीट बसले नाही की मानेवर घासते, कातडे सोलते, खांदेसूज येते, आणि चांगला दांडगा बैल महिनाभर दावणीला बसतो. मलम लावून ती बरी होते, पण तेच जू पुन्हा ठेवले की पुन्हा येते. म्हणून जाणता शेतकरी औषधाच्या आधी जू तासून घेतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदमळणी करतात. हळद-तूप लावून खांदे शेकतात. तो सण आहे खरा, पण वर्षभर ज्या जागी भार पडला ती जागा हाताने तपासून पाहण्याची ती रीतही आहे. जनावराच्या अंगाला अवजार जुळले पाहिजे, अवजाराला जनावर नव्हे, ही गोष्ट कोणत्याही गुरांच्या डॉक्टरला शिकवावी लागत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र ती कुणाच्या लक्षात येत नव्हती.

सायकलचेच पाहा. १८६० नंतरच्या दशकात पायडलची जी पहिली दुचाकी निघाली तिची चाके लाकडी, त्यांवर लोखंडी धाव. इंग्रजांनी तिला हाडे खिळखिळी करणारी असेच टोपणनाव देऊन टाकले. त्यानंतर पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असलेली सायकल आली. आज ते चित्र पाहून हसू येते, पण त्या उंचीला कारण होते. साखळी नव्हती, त्यामुळे चाक जितके मोठे तितके एका फेऱ्यात अंतर जास्त. आणि मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते म्हणून हादराही कमी. मात्र त्यावरून पडला तो तोंडावरच. शेवटी १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची साखळीची, दोन सारख्या लहान चाकांची सायकल आणली. बसायला सोपी, पाय जमिनीला टेकणारी, बिनधोक. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. परंतु चाके लहान झाली आणि टायर अजून भरीव रबराचे, म्हणून पडण्याची भीती गेली तरी हादरे वाढले. मनगटे, कंबर आणि बैठक यांवर सारा रस्ता जसाच्या तसा आदळू लागला.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता आणि त्याच्याजवळ तीनचाकी सायकल होती. बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर तिचे भरीव टायर त्याला सारखे हादरे देत. बापाने ते पाहिले. इतर कुणी सीटखाली आणखी एक स्प्रिंग बसविली असती किंवा मुलाला सवय कर म्हणून सांगितले असते. डनलॉप यांनी चाकाचा जो भाग रस्त्याला लागतो तेथेच उपाय शोधला. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी घराच्या आवारात सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी बनविली, ती तबकडीच्या कडेवर बसविली, तिच्यावर कापडाचे वेष्टण घालून ते ठोकून टाकले आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. रबराशी त्यांची जुनी ओळख होती, हाताला कौशल्य होते. मग मुलाच्या तीनचाकीचे एक चाक काढले आणि दोन्ही चाके अंगणातून ढकलून दिली. नेहमीचे चाक थोडे जाऊन आडवे झाले. हवेचे चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेले, फाटकाच्या खांबाला आपटले आणि उलट परतले.

मला या प्रसंगातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डनलॉप शोधत होते मुलाचा आराम. हाती लागला वेग. आपल्या मनात या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती असतात. गादी म्हटली की आळस, कठीण आसन म्हटले की तपश्चर्या. पण त्या अंगणातल्या चाकांनी निराळेच सांगितले. भरीव चाकापुढे दगड आला की चाक, सायकल आणि वरचा माणूस असे सगळे ओझे त्या दगडाच्या उंचीइतके वर उचलावे लागते, आणि ती ताकद पायांतूनच जाते. पलीकडे ओझे आदळते तेव्हा ती परत मिळत नाही. तीच हाडांना जाणवते. हवेच्या टायरपुढे तोच दगड आला की टायर तेवढ्यापुरता आत दबतो, दगडाला पोटात घेतो आणि पुढे जातो. वरचा माणूस जवळपास आपल्या पातळीतच राहतो. म्हणजे अंगाला बसणारा हादरा आणि वाया जाणारी ताकद ही एकाच गोष्टीची दोन नावे. अंगाला होणारा त्रास हा पैलवानीचा पुरावा नसून गळती आहे, हे कळायला एक गुरांचा डॉक्टर लागला.

तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसले, मग मोठ्या सायकलींवर प्रयोग झाले, आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १८८८ हे साल बेळगावकडील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण किर्लोस्कर समूह आपला आरंभ त्याच सालापासून मानतो आणि तो आरंभही सायकलच्या दुकानाचाच. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकली विकल्या, सायकल चालवायला शिकवली, आणि पुढे नांगराकडे वळले. इकडे एक गुरांचा डॉक्टर चाकात हवा भरत होता आणि तिकडे एक ड्रॉइंगचा मास्तर चाके विकत होता. दोघांची शेवटी ओळख राहिली ती मात्र कारखान्यांमुळे. लक्ष्मणरावांचे चरित्र आपल्या कन्नड विभागातील कोणी मित्राने अवश्य लिहावे.

नव्या टायरला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते विली ह्यूम. बेलफास्टच्या एका सायकल क्लबाचा हा कप्तान. शर्यतीत हे टायर वापरून पाहा असे डनलॉप यांनीच त्याला सुचविले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडामैदानावर ह्यूम आपली सायकल घेऊन उतरला. सडपातळ टायरांच्या जमान्यात ते फुगीर टायर पाहून लोकांना हसू आवरले नाही. ह्यूम हा काही त्या मैदानावरचा पहिल्या प्रतीचा शर्यतपटू मानला जात नव्हता. त्या दिवशी सायकलच्या चार शर्यती होत्या आणि चारही त्याने जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूलला जाऊन एक सोडून सगळ्या शर्यती त्याने जिंकल्या. हसणारे लोक दुसऱ्या दिवशी टायरची किंमत विचारू लागले, हे सांगायला नकोच.

हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रॉस यांची मुले होती. ड्यू क्रॉस हे आयर्लंडच्या सायकलस्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष आणि पक्के व्यवहारी गृहस्थ. मुले हरली म्हणून ते रागावले नाहीत. ज्याने हरविले ते टायर विकत घ्यायला निघाले. कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले हक्क थोडी रोख रक्कम आणि थोडे शेअर एवढ्यावर तिच्या स्वाधीन केले.

पाठोपाठ मोठा धक्का बसला. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच ते रद्दबातल असल्याचे त्यांना कळविण्यात आले. स्टोनहेवनचे रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने हवेच्या चाकाचे पेटंट १८४५ सालीच घेऊन ठेवले होते आणि १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला तशी चाके लावून दाखविली होती. थॉमसन १८७३ साली वारले होते. डनलॉप यांना त्यांच्या कामाची काहीच कल्पना नव्हती. कल्पना तीच, पण थॉमसन यांच्या वेळी सायकल नव्हती. घोडागाडीत बसणाऱ्या श्रीमंताला गादीवर गादी चढविता येत होती आणि हादरे घोडा सोसत होता. गरज निर्माण होण्यापूर्वी लागलेला शोध असा कपाटात पडून राहतो. डनलॉप यांचे पेटंट गेले तरी कंपनी टिकली, कारण टायर रिमवर बसविण्याच्या वेल्च आणि बार्टलेट यांच्या युक्त्यांची पेटंटे ड्यू क्रॉस यांनी मिळविली. डनलॉप यांचा मूळचा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो उकलून काढणे आणि पुन्हा चिकटवून वाळविणे म्हणजे दिवसाचे काम. फ्रान्समध्ये मिशलिन बंधूंकडे असाच एक टायर दुरुस्तीला आला आणि त्या कटकटीतून त्यांनी काढता-घालता येणारा टायर बनविला. १८९१ च्या पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत या लांबलचक शर्यतीत शार्ल तेराँ तो लावून पहिला आला. आज रस्त्याच्या कडेचा पंक्चरवाला दोन पट्ट्या घालून दहा मिनिटांत ट्यूब बाहेर काढतो, त्यामागे ही सगळी मंडळी आहेत.

१८९५ साली डनलॉप कंपनीतून निवृत्त झाले आणि आपला लहानसा हिस्सा त्यांनी विकून टाकला. पुढच्याच वर्षी ड्यू क्रॉस यांनी सारा धंदा हूली नावाच्या सटोडियाला ३० लाख पौंडांना विकला आणि त्याने काही बडी नावे संचालक मंडळात घालून तोच लोकांना ५० लाखांना विकला. ज्याच्या नावावर हे सगळे चालले तो डब्लिनमध्ये एका कापडाच्या दुकानाच्या व्यवहारात लक्ष घालीत होता. यावर हळहळणारे लेख मी वाचले आहेत. मला स्वतःला तितकी हळहळ वाटत नाही. त्यांना उपाशी मरावे लागले नाही; धंदा वाढविणे हा त्यांचा पिंड नव्हता; आणि ड्यू क्रॉस नसते तर ते टायर बेलफास्टच्या बाहेर किती गेले असते याची शंकाच आहे. अन्याय झाला असेल तर तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याची गोष्ट पुढे येईल.

हवेच्या टायरवाचून मोटारसायकलही रस्त्यावर आली नसती. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी जर्मनीत इंजिनाची पहिली दुचाकी केली तिला लाकडी चाके होती. ती प्रयोगापुरतीच राहिली. गिऱ्हाइकांसाठी म्हणून बनविलेली पहिली मोटारसायकल १८९४ साली म्युनिकला हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी काढली आणि तिला हवेचे टायर होते. पुढे इंजिने वाढली, वेग वाढला आणि नुसते टायर पुरेनात. गंमत अशी की पुढचे मोठे पाऊलही बेलफास्टच्याच माणसाने टाकले. रेक्स मॅककँडलेस यांनी मागच्या चाकाला नीट स्प्रिंग देणारी नवी चौकट बनविली. १९५० साली नॉर्टन कंपनीने ती शर्यतीच्या गाड्यांना वापरली, आणि आयल ऑफ मॅनच्या सीनियर शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने घेतले. जेफ ड्यूक पहिला आला. शर्यतीच्या त्या चौकटीला नाव काय पडले, तर पिसांची गादी! ह्यूमच्या फुगीर टायरला हसणाऱ्यांची नातवंडे आता गादीवर बसून जिंकत होती.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण माझ्या घरातच घडले. माझा भाचा नागपूरला नोकरी करतो. त्याने शर्यतीच्या गाडीच्या धाटणीची एक मोटारसायकल घेतली. हँडलच्या मुठी टाकीच्याही खाली, फूटरेस्ट मागे आणि उंच, सीट पुढे घसरलेली. बसले की माणूस गाडीला नमस्कार घालतो आहे असे वाटते. दिवाळीला तो तीवरूनच बालाघाटला आला आणि दुसऱ्या दिवशी बैहरकडे निघाला. गांगुलपाऱ्याचा घाट उतरून परत येताना वळणावर गुरे आडवी आली. ब्रेक दाबायला गेला तो बोटांनी वेळेवर ऐकले नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अर्ध्या तासापासून बधिर होती, पण त्याने ते मनावर घेतले नव्हते. एका गायीच्या शेपटाला चाटून गाडी कडेच्या झुडपात गेली. खरचटण्यावर निभावले. गाय माझ्या ओळखीची होती, तिलाही काही झाले नाही.

मी त्याचे हात पाहिले ते गुरांचे पाहतो तसेच. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला लाल वळ. तेथून जी नस जाते ती मुठीवर दाबली की हीच दोन बोटे बधिर होतात. मग गाडी पाहिली. अशा गाडीची बैठक ही चूक नव्हे. ती एका ठराविक कामासाठी आहे. ताशी शंभरच्या वेगात समोरचा वारा छातीला मागे रेटतो आणि पुढे झुकलेल्या अंगाचा भार तोच पेलतो. मनगटे मोकळी राहतात. वळणावर गाडी आडवी पडते तेव्हा उंच फूटरेस्ट जमिनीला घासत नाहीत. पण बालाघाटच्या बाजारातून ताशी तिसाच्या वेगाने जाताना तो वारा कोठून आणणार? मग छातीचा, डोक्याचा आणि शिरस्त्राणाचा सारा भार मनगटांवर येतो. घाट उतरताना ब्रेक दाबला की आणखी येतो. मान वर करून पाहावे लागते, तिचे स्नायू धरतात. वर रस्त्याचा आणि इंजिनाचा थरथराट. मनगट दुखले की माणूस मूठ जास्तच आवळतो. मूठ आवळली की पुढचे चाक हाताच्या प्रत्येक धक्क्याने डळमळते. खांदेसुजीच्या बैलासारखेच आहे: दुखते म्हणून तो मान वाकडी करतो आणि वाकडी केली म्हणून आणखी घासते.

त्याची गाडी बदलायला सांगणे व्यर्थ होते. पंचविशीतल्या मुलाला त्याच्या गाडीविषयी बोलू नये. आम्ही फक्त जू तासले. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर आडवे, वर तोंड करून होते; ते खाली फिरविले, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतची रेषा सरळ आली. मागच्या शॉकअपची स्प्रिंग भारी माणसाच्या मानाने ताणलेली होती आणि हा भाचा चिपाडासारखा. ती त्याच्या वजनाला बेताची केली. टायरमध्ये हवा पाहिली तर गाडीवरील पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. वाटेत एका दुकानात अंदाजाने भरून दिली होती. टायर गार असताना मोजून ती उतरविली. डनलॉप यांनी एवढे करून चाकात हवा घातली आणि आपण ती दगडासारखी होईपर्यंत ठासतो. मग भरीव रबर काय वाईट होते? हवा फार कमीही नको, टायर तापतो, हँडल जड होते, खड्ड्यात रिम आपटते. शेवटी बसण्याची रीत सांगितली: टाकी गुडघ्यांनी धर, अंगाचा भार पोट आणि पाठ यांच्या स्नायूंवर घे, कोपरे सैल वाकलेली राहू देत, मूठ अशी धर की शेजारच्याने ओढली तर हात निघून यावा, आणि तासाभराने गाडी थांबवून दहा मिनिटे चाल. याउपर बोटे बधिर झाली तर त्याच क्षणी थांब. तो नागपूरला पोहोचून फोनवर म्हणाला की हात शाबूत आहेत, पण मान अजून धरते. मान धरणारच. ती त्या बैठकीची किंमत आहे. ती द्यायची की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पण हात बधिर होणे ही किंमत नव्हे, तो अपघाताचा निरोप आहे.

आता डनलॉप यांच्या अखेरच्या वर्षांकडे येतो. कंपनीने जाहिरातींत त्यांचा चेहरा वापरला. पांढऱ्या दाढीचा तो ओळखीचा चेहरा, पण खाली धड उंच टोपी घालून मिरविणाऱ्या एखाद्या छबेल्याचे. साधेपणाने राहणाऱ्या या वृद्धाला ती आपली विटंबना वाटली. त्यांनी स्वतःचेच नाव धारण करणाऱ्या कंपनीविरुद्ध बदनामीची फिर्याद केली. खटला आयर्लंडमध्ये चालविता येईल की नाही एवढ्याच मुद्द्यावर तो थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. डनलॉप विरुद्ध डनलॉप! पैसा गेला तेव्हा ते भांडले नव्हते. अंगावर न शोभणारा वेष चढविला तेव्हा मात्र ते भांडले. मला ते त्यांच्या साऱ्या आयुष्याशी जुळणारे वाटते. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये ते वारले. डीन्स ग्रेंज येथे त्यांची समाधी आहे. हवेच्या टायरचा त्यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्या मागून मुलीने प्रसिद्ध केला.

या शोधाची एक काळी बाजूही आहे आणि ती लपवू नये. टायरांना रबर लागले, रबराची मागणी भडकली आणि बेल्जमच्या राजा लिओपोल्डच्या ताब्यातील काँगोमध्ये जंगलातून रबर आणण्यासाठी गावेच्या गावे छळली गेली. रॉजर केसमेंट यांचा १९०४ चा अहवाल जगापुढे आला तेव्हा ते कळले. युरोपातील सायकलस्वाराचे हादरे थांबले, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडले. बेलफास्टच्या डॉक्टरला याचा दोष देता येत नाही, परंतु हिशेबात ते धरले पाहिजे.

आपल्या देशात १९३६ साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंजला डनलॉपचा मोठा कारखाना निघाला. पुढे कित्येक दशकांनी तो बंद पडला. पण नाव निराळ्या वाटेने राहिले. उत्तरेकडे हवेच्या टायरच्या बैलगाडीला लोक सरळ डनलप म्हणतात. जुन्या मोटारगाडीचे टायर, लोखंडी आस आणि वर फळ्या, एवढीच ती गाडी. लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा ती बैलाला हलकी जाते, खांद्याला बसणारे झटके कमी होतात. तिच्या बैलांच्या माना तपासताना मला ते हाताला कळते. डनलॉप यांचा पहिला टायर आता एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे, ज्या शहरात ते गुरांचे दुखणे ओळखायला शिकले तेथेच.